गोंद किती मजबूत? एका प्रश्नाचा इतिहास

फेविकॉलच्या डब्यावरचे दोन हत्ती आठवतात ना? एक इकडे ओढतोय, दुसरा तिकडे, आणि मधला जोड काही सुटत नाही. लहानपणी आपल्या सगळ्यांना ते चित्र पटलेलं असतं. हत्तींनाही तुटत नाही म्हणजे मजबूतच, संपला विषय!

पण मंडळी, जरा इंजिनियरच्या नजरेने त्या चित्राकडे बघा. ती चक्क एक टेस्ट आहे. दोन तुकडे चिकटवा, विरुद्ध दिशांना ओढा, तुटतात का ते बघा. आणि टेस्ट म्हटली की टेस्टर लोकांचे खवचट प्रश्न आलेच. हत्ती किती वेळ ओढतायत? पाच मिनिटं की पाच वर्षं? सरळ ओढतायत की एका कडेने? पाऊस पडत होता का? चिकटवण्याआधी पृष्ठभाग साफ केला होता का, आणि कोणी केला होता?

हे प्रश्न पोरकट वाटतील. पण विमानं आणि बोगदे बांधणाऱ्या मोठमोठ्या इंजिनियर मंडळींना यातला एकेक प्रश्न विचारायला बरीच वर्षं लागली, आणि काही वेळा त्याआधी माणसं मेली. आजचा लेख त्याबद्दल आहे. थोडा लांब झालाय, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी थोडं कॉलेज

मेकॅनिकल किंवा सिव्हिलवाल्यांना यूटीएम नावाचं मशीन आठवत असेल. माइल्ड स्टीलची सळी दोन जबड्यांत पकडायची, ओढत जायचं, मध्येच ती बारीक होते आणि 'फाट्ट' असा आवाज येऊन तुटते. जर्नलमध्ये आकडा लिहायचा, सही घ्यायची, कॅन्टीनला जायचं.

त्या आकड्याची एक फार मोठी सोय असते जी तेव्हा आपल्या लक्षात येत नाही. तो आकडा स्टीलचा असतो. सळी जाड घ्या, बारीक घ्या, लांब घ्या, दर चौरस मिलिमीटरमागची ताकद जवळपास तीच येते. म्हणून डिझाइनर तो आकडा पुस्तकातून उचलतो, फॅक्टर ऑफ सेफ्टीने भागतो आणि पुढे जातो.

गोंदाच्या बाबतीतही असंच असेल असं वाटणं अगदी साहजिक आहे. इथे गोंद म्हणजे स्ट्रक्चरल ॲडहेसिव्ह, ज्याच्यावर विमानाचा पंख किंवा छताचा भार टाकतात तो, पाकीट चिकटवायचा नव्हे. त्याच्या डब्याबरोबर येणाऱ्या कागदावरही एक आकडा छापलेला असतो. अडचण इतकीच की तो आकडा एकट्या गोंदाचा नसतो. त्यात पत्र्याची जाडी असते, पृष्ठभागाची साफसफाई असते, हवेतला दमटपणा असतो, वेळ असतो आणि चिकटवणाऱ्या माणसाचा हातही असतो. हे कळत गेलं त्याचीच ही गोष्ट.

दुधाच्या गोंदाचं विमान

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीने मॉस्किटो नावाचं विमान काढलं. २५ नोव्हेंबर १९४० ला ते पहिल्यांदा उडालं. बाकी जग ॲल्युमिनियमकडे वळलेलं असताना हे विमान लाकडी होतं. बर्च लाकडाच्या पातळ प्लायमध्ये हलक्या बाल्साचा थर, असं त्याच्या धडाचं सँडविच. धातूचा तुटवडा होता आणि फर्निचरचे, पियानोचे कारखाने युद्धात नुसतेच पडून होते. त्या सुतारांना काम मिळालं आणि हवाई दलाला ताशी सहाशे किलोमीटरच्या वर जाणारं विमान मिळालं.

हे सगळं एकत्र धरून ठेवलं होतं गोंदाने. सुरुवातीला केसिन, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेला गोंद. (हो, ज्याचं पनीर होतं तेच प्रथिन!) पुढे युरिया-फॉर्मल्डिहाइड जातीचा कृत्रिम गोंद आला, जो पाण्याला जास्त दाद देत नाही.

युरोपात मॉस्किटोने नाव काढलं. मग ते आपल्याकडे, म्हणजे भारत-ब्रह्मदेश आघाडीवर आलं. १९४४ चा पावसाळा झाला आणि अपघात सुरू झाले. पंखाची वरची प्लायवुडची कातडी आतल्या मुख्य स्पारपासून सुटत होती. नोव्हेंबर १९४४ मध्ये प्रकरण फारच गंभीर झालं आणि कंपनीचं एक पथक भारतात आलं. त्याचे प्रमुख होते मेजर हेरवर्ड डी हॅविलंड, कंपनीच्या संस्थापकाचे सख्खे भाऊ. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांचा अहवाल आला: गोंद खराब झालेला नाही, दमट पावसाळी हवेत लाकूड हलतं, आकसतं, त्यामुळे हे झालं. थोडक्यात काय, दोष हवेचा.

इथे आपण मान डोलावतो, कारण आपल्या पावसाळ्यात लाकडी दारं कशी फुगतात ते आपल्याला माहीत आहे. पण गोष्ट इथे संपत नाही. नंतरच्या चौकशांमध्ये इंग्लंडातलीच, कधीही पावसाळा न बघितलेली विमानं उघडून बघितली गेली, आणि त्यांच्यातही तसेच दोष सापडले. चिकटवण्याचं कामच नीट झालेलं नव्हतं. तरीही वैमानिकांचा विश्वास उडू नये म्हणून अधिकृतरीत्या 'मुख्यतः हवामान' हेच कारण पुढे ठेवलं गेलं. उपाय म्हणून पंखावरच्या सांध्याच्या लांबीभर प्लायवुडची पट्टी लावून पाणी आत झिरपणं बंद केलं.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. गोंदाचा नमुना प्रयोगशाळेत पास होणं वेगळं आणि घाईच्या दिवसांत कारखान्यात लागलेला प्रत्येक जोड तसाच असणं वेगळं. आणि एकदा चिकटवलं की आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. रिव्हेट ढिला असेल तर निदान तो हलतो तरी. वाईट चिकटलेला जोड मात्र सुटेपर्यंत चांगल्या जोडासारखाच दिसतो.

डक्सफर्ड आणि पोस्टाचं तिकीट

त्याच काळात केंब्रिजजवळ डक्सफर्ड गावात नॉर्मन डी ब्राइन नावाचे एक गृहस्थ वेगळंच काम करत होते. १९३४ मध्ये त्यांनी एरो रिसर्च नावाची छोटी कंपनी काढली. तिथे आधी लाकडासाठी एरोलाइट हा युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंद तयार झाला, आणि १९४१ मध्ये धातूला धातू चिकटवणारा रिडक्स. नाव सोपं होतं, रिसर्चमधला 'रि' आणि डक्सफर्डमधला 'डक्स'. पत्र्यावर आधी फिनॉलिक द्रव लावायचा, त्यावर पॉलिव्हिनाइलची पावडर भुरभुरायची, आणि मग उष्णता व दाब द्यायचा. आधी तो टँकच्या क्लच प्लेट्समध्ये वापरला गेला, मग डी हॅविलंडच्या विमानांत. हॉलंडच्या फोकर कंपनीनेही हेच तंत्र उचललं. एके काळी इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात असलेली फोकर फ्रेंडशिप विमानं अशा चिकटवलेल्या जोडांची होती. (एरो रिसर्च पुढे सीबा या स्विस कंपनीने घेतली. आपल्या घरात कपबशीचे कान चिकटवायला जे दोन ट्यूबवालं ॲराल्डाइट असायचं, तेही मूळ सीबाचंच.)

धातू चिकटवायला लागल्यावर टेस्टिंगचा प्रश्न आला. त्यासाठी जो नमुना रूढ झाला तो दिसायला अगदी साधा आहे. दोन पत्र्याच्या पट्ट्या घ्यायच्या, टोकं एकमेकांवर ठेवून चिकटवायची आणि यूटीएममध्ये ओढायचं. याला लॅप जॉइंट म्हणतात. अमेरिकेतल्या एएसटीएम संस्थेच्या डी-१००२ या स्टँडर्डमध्ये पट्टी १.६ मिमी जाड, २५.४ मिमी रुंद आणि एकमेकांवर १२.७ मिमी चढवलेली असते. चिकटलेली जागा झाली सुमारे ३२३ चौरस मिमी, म्हणजे साधारण पोस्टाच्या छोट्या तिकिटाएवढी. चांगला इपॉक्सी सहज २० मेगापास्कल देतो. गुणाकार करून बघा, त्या तिकिटाएवढ्या जागेवर साडेसहाशे किलोच्या आसपास वजन पेलतं!

आकडा ऐकून कोणीही खूश होईल. आता डिझाइनर म्हणून पुढचा विचार करा. मला तेराशे किलो पेलायचं आहे, मग पत्रे १२.७ ऐवजी २५.४ मिमी चढवतो. क्षेत्रफळ दुप्पट, ताकद दुप्पट. बरोबर?

नाही. आणि का नाही हे समजायला खरी मजा आहे.

ओढल्यावर पत्रासुद्धा किंचित ताणला जातो. जोडाच्या ज्या टोकाशी पत्र्यात पूर्ण भार असतो तिथे तो जास्त ताणला जातो, आणि त्याला चिकटलेला दुसरा पत्रा तिथे संपत असल्याने जवळपास ताणरहित असतो. मग दोघांच्या मधला गोंद तिथेच सर्वांत जास्त खेचला जातो. जोडाच्या मध्यावर दोन्ही पत्रे साधारण सारखेच ताणलेले, तिथल्या गोंदाला फारसं काम नाही. म्हणजे सगळी मारामारी दोन टोकांना, आणि मधली मंडळी आरामात. ऑफिसातली काही प्रोजेक्ट्स आठवली असतील तर तो योगायोग समजावा. :)

रिव्हेटच्या जोडांचा विचार करताना फोल्करसन या जर्मन संशोधकाने हे गणित १९३८ मध्ये मांडलं होतं. १९४४ मध्ये अमेरिकेत गोलंड आणि राइसनर यांनी त्यात आणखी एक भर घातली. एकावर एक चढवलेले पत्रे एका रेषेत नसतात. ओढलं की ते सरळ एका रेषेत यायला बघतात, त्यामुळे जोड वाकतो, आणि टोकांना गोंद नुसता घसटला न जाता वर उचलून सोलला जातो.

सोलणं किती वाईट असतं हे बघायला प्रयोगशाळा नको. आरशावर लावलेली टिकली बोटाने सरकवून बघा, सहसा हलत नाही. आता नखाने तिची कड उचला, एका क्षणात हातात येते. टिकली तीच, गोंद तोच, फक्त ओढायची दिशा बदलली. हत्तींनी सरळ ओढण्याऐवजी एका कडेने ओढलं असतं तर जाहिरात फसली असती!

डी ब्राइन यांनीही त्याच सुमारास सांगितलं होतं की जोडाची ताकद पत्र्याची जाडी आणि चढवलेली लांबी यांच्या नात्यावर ठरते, नुसत्या क्षेत्रफळावर नाही. डी-१००२ मध्ये गोंद तोच ठेवून पत्रा जाड घेतला की आकडा बदलतो. मग तो आकडा गोंदाचा म्हणायचा की पत्र्याचा? पुढे एएसटीएमलाच एक वेगळं मार्गदर्शक स्टँडर्ड काढावं लागलं. लॅप जॉइंटचे आकडे वापरताना काय काळजी घ्यावी हे त्यात सांगितलंय, आणि त्याचा मथितार्थ असा: दोन गोंदांची तुलना करायला, आलेला माल ठीक आहे का बघायला हे आकडे छान, पण उचलून थेट डिझाइनमध्ये टाकू नका.

डिझाइनसाठी मग वेगळे नमुने आले. एकात पट्ट्या साधारण सेंटिमीटरभर जाड घेतात, म्हणजे त्या वाकतही नाहीत आणि फारशा ताणल्याही जात नाहीत. मग गोंदाच्या थरात किती सूक्ष्म सरक होते ते नाजूक उपकरणाने मोजतात. त्यातून तुटण्याच्या एका आकड्याऐवजी पूर्ण आलेख मिळतो: गोंद किती ताठ आहे, कुठे नमतो, नमल्यावर किती ताणला जाऊन तुटतो. दुसऱ्या प्रकारात दोन चिकटवलेल्या पट्ट्या चोचीसारख्या फाकवतात आणि मधली फट पुढे सरकायला किती ऊर्जा लागते ते मोजतात. या आकड्यांवर गणित करून हव्या त्या आकाराच्या जोडाचा अंदाज बांधता येतो.

पाचर

दिशेचा आणि आकाराचा प्रश्न सुटत आला, पण पाण्याचा आणि साफसफाईचा तसाच राहिला.

ॲल्युमिनियमच्या अंगावर कायम ऑक्साइडचा पातळ थर असतो. आपण धातू चिकटवतो असं म्हणतो खरं, पण गोंद चिकटतो त्या ऑक्साइडला. हा थर नीट तयार केलेला नसेल तर पाण्याच्या संगतीत त्याचं हळूहळू भुसभुशीत हायड्रॉक्साइड होतं. गोंद शाबूत, धातू शाबूत, मधला थर गेला की जोड खलास. व्हिएतनाम युद्धाच्या काळात आग्नेय आशियातल्या दमट हवेत अमेरिकन विमानांच्या चिकटवलेल्या भागांत हाच त्रास झाला. आणि हे भाग बनताना त्यांचे लॅप जॉइंटचे नमुने व्यवस्थित पास झालेले असायचे.

१९७० च्या दशकात बोइंगच्या इंजिनियर मंडळींनी यावर जी टेस्ट रूढ केली ती इतकी साधी आहे की हसू येतं. तीनेक मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या चिकटवायच्या आणि एका टोकाला मध्ये पाचर ठोकायची. आपले सुतार लाकूड फोडायला ठोकतात तशी. फट जिथवर गेली तिथे खूण करायची. मग तो नमुना पाचरीसकट ५० अंश सेल्सियसच्या दमट पेटीत ठेवायचा आणि तासाभराने फट किती पुढे गेली ते बघायचं.

चांगल्या पृष्ठभागावर फट जवळपास तिथेच राहते. वाईट पृष्ठभागावर ती भराभर पुढे पळते, आणि जोड उघडला की आत चकचकीत नागडा धातू दिसतो. गोंदातून तुटला असता तर दोन्ही बाजूंना गोंद राहिला असता. लॅप टेस्टमध्ये जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन नमुने इथे एका तासात वेगळे ओळखू येतात. त्याच सुमारास बोइंगने फॉस्फोरिक ॲसिडमध्ये ॲनोडायझिंग करून पाण्याला दाद न देणारा ऑक्साइड तयार करायची पद्धत आणली.

१९७५ पासून अमेरिकन हवाई दलाने डग्लस कंपनीबरोबर 'पॅब्स्ट' नावाचा कार्यक्रम चालवला. विमानाच्या धडाचे मुख्य भाग चिकटवून करता येतील का, हे पूर्ण आकाराचे भाग बांधून, वारंवार भार देऊन तपासलं. त्यात एल. जे. हार्ट-स्मिथ या इंजिनियरने लॅप जॉइंटमधल्या त्या आरामात बसलेल्या मधल्या मंडळींची बाजू घेतली. टोकांचा गोंद भाराखाली हळूहळू सरकू लागतो, पण मधला, जवळपास ताणरहित भाग त्याला सरकू देत नाही आणि भार उतरला की जागेवर परत आणतो. तो मधला भाग वाया गेलाय असं समजून जोड आखूड केला, तर छोट्या टेस्टमध्ये सरासरी ताकद जास्त दिसेल आणि प्रत्यक्षात जोड काही वर्षांत सरकत सरकत सुटेल. म्हणजे टेस्टचा आकडा वाढवायच्या नादात खरा जोड बिघडतो. सर्व्हरवर मोकळी ठेवलेली क्षमता 'वाया जातेय' म्हणून कापणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आकाशात उघडं पडलेलं विमान

हे सगळं शहाणपण येण्याआधी बनलेली विमानं मात्र उडतच होती. त्यातलं एक म्हणजे १९६९ साली बनलेलं, हवाईतल्या अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७.

२८ एप्रिल १९८८ ला हिलोहून होनोलुलूला जाताना २४,००० फुटांवर या विमानाच्या पुढच्या भागाचं छप्पर उडून गेलं, सुमारे साडेपाच मीटर लांबीचं. विमानात ९५ माणसं होती. उभी असलेली एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, तिचा मृतदेह कधीच सापडला नाही. वैमानिकांनी ते उघडं विमान माउई बेटावर उतरवलं आणि बाकी सगळे वाचले.

चौकशीत जी साखळी निघाली ती चिकटवलेल्या जोडापासून सुरू होते. या विमानाच्या धडाचे पत्रे एकमेकांवर चढवून गोंदाने चिकटवले होते आणि जोडीला रिव्हेटच्या तीन रांगा होत्या. गोंद इपॉक्सीत भिजवलेल्या कापडी पट्टीच्या रूपात असे. पट्टी शीतगृहात ठेवायची आणि सामान्य तापमानाला चिकटवायची, म्हणून नाव 'कोल्ड बाँडिंग'. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर दव जमतं तसं या पट्टीवर जमण्याचा धोका. त्यात पृष्ठभागाची तयारी कमीजास्त. काही ठिकाणी जोड पक्का, काही ठिकाणी कच्चा, बाहेरून सगळं सारखंच.

कच्चा जोड सुटला की फटीत दमट, खारी समुद्री हवा शिरते आणि गंज चढतो. मग गोंदाने वाहायचा भार रिव्हेटवर येतो, आणि रिव्हेटच्या भोकांच्या कडांना बारीक भेगा पडायला लागतात. बेटाबेटांमधली ही उड्डाणं छोटी, त्यामुळे या विमानाने ८९,६८० फेऱ्या केल्या होत्या. दर फेरीला धड फुग्यासारखं फुगतं आणि परत आकसतं. भेगा वाढत गेल्या आणि एक दिवस एकमेकींना जाऊन मिळाल्या.

बोइंगला या पद्धतीतल्या अडचणी माहीत झाल्या होत्या. २९२ क्रमांकाच्या ७३७ पासून जोडाची रचना बदललेली होती. अपघातातलं विमान १५२ क्रमांकाचं होतं. जुन्या विमानांसाठी तपासणीच्या सूचना निघाल्या होत्या, पण एअरलाइनच्या देखभालीत सुटलेले जोड आणि भेगा वेळेवर पकडल्या गेल्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, इतकी विमानं तपासतात, मग जोडाची ताकद न तोडता मोजायचं यंत्र का नाही? ध्वनिलहरींनी आतली पोकळी, सुटलेली जागा सापडते. पण दोन पृष्ठभाग एकमेकांना नुसते टेकलेले आहेत की खरोखर घट्ट धरलेले आहेत, हे खात्रीने सांगणारी तपासणी अजूनही नाही. म्हणून विमान उद्योगात खऱ्या भागाबरोबर, त्याच साफसफाईतून, त्याच भट्टीतून छोटे नमुने काढतात आणि ते तोडून बघतात. तयार जोड तपासता येत नाही, मग तो बनवण्याची प्रक्रियाच तपासायची.

बोगद्याचं छत

आता शेवटचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड: किती वेळ?

बॉस्टनमध्ये 'बिग डिग' नावाचा प्रचंड प्रकल्प झाला. शहराखालून रस्ते नेले. त्यातल्या एका बोगद्यात वायुवीजनासाठी काँक्रीटच्या जड फरश्यांचं छत टांगलं होतं. टांगलं कसं? वरच्या काँक्रीटमध्ये भोकं पाडली, त्यात इपॉक्सी भरलं आणि लोखंडी अँकर बसवले. भार थेट खाली आणि कायमचा.

प्रत्येक अँकर बसवल्यावर त्याला ठरलेल्या भारापेक्षा जास्त ओढून तपासलं होतं. टेस्ट काही मिनिटांची. अँकर पास. मात्र १९९९ मध्ये, बांधकाम चालू असतानाच, पास झालेले काही अँकर छतातून खाली सरकलेले दिसले. ते बदलले, परत ओढून तपासले, परत पास. ते का सरकले याच्या मुळाशी कोणी गेलं नाही. २००३ मध्ये रस्ता सुरू झाला. त्यानंतर त्या छताची तपासणी झाली नाही.

१० जुलै २००६ च्या रात्री छताचा एक भाग खालून जाणाऱ्या मोटारीवर कोसळला. काँक्रीट आणि सांगाडा मिळून सुमारे २६ टन. मोटारीतल्या महिलेचा मृत्यू झाला, गाडी चालवणारा तिचा नवरा वाचला.

अमेरिकेच्या एनटीएसबी या चौकशी संस्थेचा निष्कर्ष २००७ मध्ये आला. पुरवठादाराकडे या इपॉक्सीचे दोन प्रकार होते, एक साधा आणि एक लवकर सुकणारा. छतात लवकर सुकणारा वापरला गेला होता. थोड्या वेळासाठी ओढलं तर तोही भरपूर मजबूत. पण सतत भार ठेवला तर तो अगदी हळूहळू सरकत राहतो. याला क्रीप म्हणतात. हा प्रकार दीर्घकाळच्या भाराला टिकत नाही हे आधीच्या चाचण्यांमध्ये दिसलेलं होतं, पण ते वापरणाऱ्यांपर्यंत स्पष्टपणे पोचलं नाही, आणि डिझाइन करणाऱ्यांनी, बांधणाऱ्यांनीही तो प्रश्न विचारला नाही.

किचनच्या टाइलवर चिकटवलेला हुक आठवा. संध्याकाळी पिशवी अडकवली, दोनदा ओढून बघितली, पक्का आहे. आणि पहाटे तीन वाजता धाडकन आवाज. हुकाने तुमची टेस्ट खरोखर पास केली होती. तुम्ही 'आत्ता टिकतोय का' विचारलं, त्याने 'हो' म्हटलं. रात्रभराचं तुम्ही विचारलंच नव्हतं.

यानंतर नियम बदलले. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटने २०११ मध्ये चिकटवलेल्या अँकरसाठी पात्रता चाचण्यांचं स्टँडर्ड काढलं, ज्यात सतत भाराखालची सरक मोजून ती पुढच्या अनेक वर्षांसाठी ताणून बघावी लागते. त्याच वर्षीच्या त्यांच्या काँक्रीट कोडमध्ये कायमच्या ओढणाऱ्या भारासाठी अँकरच्या गोंदाची हिशोबातली ताकद ५५ टक्क्यांवर आणली. शिवाय डोक्यावरच्या, कायम भार असलेल्या अँकरचं काम प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच करायचं असं ठरलं. पत्रा, पाणी, वेळ आणि माणसाचा हात, सगळे एकेक करून हिशोबात आले.

मग आकडा वापरायचाच नाही का?

वापरायचा, पण तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे हे बघून. जोडात सोलणारा ताण येणार नाही अशी रचना आधी करायची: कडा निमुळत्या करायच्या, जोड पुरेसा लांब ठेवायचा. गोंदाचा पूर्ण आलेख घ्यायचा, तोही जिथे वापरायचा तिथल्या सर्वांत गरम आणि सर्वांत दमट परिस्थितीतला. पृष्ठभागासाठी पाचर ठोकायची. भार कायमचा असेल तर महिनोन्‌महिने लटकवून ठेवायचं. आणि एकदा पास झालेली गोष्ट नंतर सरकलेली दिसली, तर परत ओढून पास करून घेण्याआधी ती का सरकली हे शोधायचं.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त लागला. मॉस्किटोच्या वेळी हवेला दोष देऊन काम भागवलं, अलोहाच्या वेळी निघालेल्या सूचना पुरेशा गांभीर्याने घेतल्या गेल्या नाहीत, बॉस्टनमध्ये अँकर बदलून पुढे गेले. प्रत्येक वेळी जोडाने आधी इशारा दिला होता. आणि प्रत्येक वेळी कोणाच्या तरी हातात एक हिरवा रिपोर्ट होता, त्यामुळे त्या इशाऱ्याचा अर्थ लावायची गरज वाटली नाही.

आमच्या क्षेत्रात सगळ्या टेस्ट पास झाल्या की बिल्ड हिरवा होतो आणि लोक घरी जातात. तो हिरवा रंग खोटा नसतो. जे प्रश्न आपण लिहिले त्यांची उत्तरं त्याने दिलेली असतात, इतकंच. आपल्या चुकीमुळे बहुतेक वेळा एखादं पान उघडत नाही, रात्री फोन येतो, सोमवारी मीटिंग होते. छत कोसळत नाही. पण हॉस्पिटलची यंत्रं, गाड्यांचे ब्रेक, विमानांचे कंट्रोल यांतही आता आपल्यासारख्यांचाच कोड चालतो, तेव्हा 'किती वेळ, कुठल्या हवेत, कोणाच्या हाताने' हे प्रश्न आपल्यालाही लागू आहेत.

असो. चहा संपला असेल. पुढच्या वीकएंडला रिव्हेटबद्दल लिहायचा विचार आहे, बघू कसं जमतंय ते.